नातीचं नाव फेम्के: अर्थ काय सांगायचा आणि पाळण्यात कसं म्हणायचं?

प्रश्न: माझा मुलगा नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला नोकरी करतो. सून तिथल्याच फ्रिस्लान प्रांतातली आहे. पुढच्या महिन्यात नात होणार, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय. (तिकडे आधी सांगतात.) सुनेला मुलीचं नाव फेम्के ठेवायचंय. ते तिच्या आईच्या आईचं नाव. मला नाव गोड वाटतं, पण अर्थ शोधायला गेले तर एका ठिकाणी ‘छोटी मुलगी’, दुसरीकडे ‘शांती’ आणि तिसरीकडे फ्रेंच शब्दावरून ‘बाई’ असं सापडलं. दिवाळीनंतर ते नाशिकला येतील तेव्हा बारसं करायचंय. पत्रिकेत नाव कसं छापायचं? पाहुण्यांनी अर्थ विचारला तर काय सांगायचं? आणि सोबत एखादं मराठी नाव जोडता येईल का? जावा-नणंदा म्हणतात, आपल्या घरचं काहीच नको का नावात? तेही थोडं मनाला लागलंय.
– एक होणारी आजी, नाशिक

उत्तर:

आजी, आधी अभिनंदन. तुम्ही नाव नाकारायचं कसं हे विचारलं नाही, समजून घ्यायचं कसं हे विचारलंत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

तिसऱ्या अर्थापासून सुरुवात करू, कारण तो सरळ चूक आहे. ‘बाई’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी फेम्केचा काही संबंध नाही. स्पेलिंग सारखं दिसतं, एवढंच. याचा पुरावा खुद्द फ्रिस्लानमध्ये आहे. तिथे ‘फेम्म’ हे पुरुषाचं नाव आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे इतिहासकार आणि लायडन विद्यापीठातले माजी प्राध्यापक फेम्म खास्त्रा यांचं नाव तेच. स्पेलिंगमध्ये ते फ्रेंच शब्दासारखंच एफ-ई-एम-एम-ई आहे. मुलाचं नाव कोणी ‘बाई’ ठेवणार नाही.

‘छोटी मुलगी’ या अर्थाची गंमत वेगळी आहे. फ्रिस्लानच्या फ्रिजियन भाषेत मुलीला ‘फाम’ म्हणतात आणि लाडाने किंवा लहान मुलीला ‘फाम्के’. हा शब्द जुना आहे: जुन्या फ्रिजियनमध्ये ‘फाम्ने’, जुन्या इंग्रजीत ‘फॅम्ने’, अर्थ कुमारिका. म्हणजे शब्द खरा आणि अर्थही खरा, पण त्यात ‘आ’ आहे. फाम्के हा वेगळा शब्द आणि फेम्के हे वेगळं नाव. फाम्के हेही नाव म्हणून ठेवतात, अभिनेत्री फाम्के यान्सन यांचं तेच. मात्र फेम्केचा अर्थ त्यावरून काढला की पुन्हा तीच अडचण: मग पुरुषांचं फेम्म हे नाव आलं कुठून? नादसाम्यामुळे खुद्द तिकडच्याही अनेकांना फेम्के म्हटल्यावर ‘मुलगी’ आठवते. तुमच्या विहीणबाई तसं म्हणाल्या तर वाद घालू नका, तो त्यांच्या कानांना जाणवणारा अर्थ आहे. आणि व्हिडिओ कॉलवर ‘उस फाम्के’ असं ऐकू आलं तर नाव बदललं असं समजू नका. त्याचा अर्थ ‘आमची छकुली’.

आता खरी व्युत्पत्ती. फेम्के म्हणजे फेम्म अधिक ‘के’. हा ‘के’ लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय आहे, आपल्या ‘सोनू’, ‘बाळू’मधल्या ‘ऊ’सारखा. पुरुषाच्या नावाला तो जोडून मुलीचं नाव करायची पद्धत फ्रिस्लानमध्ये रूढ आहे: सीत्सवरून सीत्स्के, वित्सवरून वित्स्के. तसंच फेम्मवरून फेम्के. यात एक फसगत मात्र होते. ‘के’ दिसला की मुलगीच, असं धरू नका. औके, हिल्के, श्यौके ही पुरुषांची नावं आहेत, कारण तो प्रत्यय मुळात फक्त लाडाचा आहे. तिथे मुलीचं नाव करताना आणखी एक पायरी चढतात आणि औक्ये, श्यौक्ये म्हणतात.

मग फेम्म म्हणजे काय? जुनी जर्मानिक (म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी, फ्रिजियन या भाषाकुळातली) नावं दोन शब्द जोडून केलेली असत, आपल्या ‘देवदत्त’, ‘रामदास’सारखी. फेम्मचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण असं की ते ‘फ्रेदे’ने सुरू होणाऱ्या आणि ज्याचा दुसरा भाग ‘म’ने सुरू होतो अशा नावाचं घरगुती रूप आहे, उदाहरणार्थ फ्रेदेमार. लहान मूल ते म्हणायला गेलं की आधी ‘र’ गळतो, मग ‘द’ पुढच्या ‘म’मध्ये विरघळतो आणि उरतं ‘फेम्म’. फ्रिजियन नावांत हे इतक्या वेळा घडलंय की बाहेरच्याला त्या नावांमागचं मूळ ओळखूच येत नाही. थीटमारचं टिम्म झालं ते याच वाटेने.

‘फ्रेदे’ म्हणजे शांतता. आजच्या फ्रिजियनमध्येही शांततेला ‘फ्रेदे’ म्हणतात, डचमध्ये ‘व्रेदे’. तेव्हा ‘शांती’ हा दुसरा अर्थ बरोबर, पण मराठीत तो तसाच ठेवला की थोडा घसरतो. आपण शांती म्हटलं की मनाची शांती, ध्यान, ओम शांती डोळ्यांपुढे येते. जुन्या फ्रिजियन कायद्यांत हा शब्द येतो तो माणसामाणसांतल्या शांततेसाठी: भांडण मिटलेलं आहे, कुणी कुणावर हात टाकणार नाही, आणि टाकलाच तर दंड भरावा लागेल. घराला, वाटेला, सभेला अशी शांतता जाहीर केलेली असे. मराठीत याला जवळचे शब्द ‘सलोखा’ आणि ‘अभय’. शिवकाळात आणि पेशवाईत रयतेला अभय देणारे कौलनामे देत, त्या ‘कौला’त जे आश्वासन असे, तसं काहीसं या शब्दात आहे. म्हणून कुणी एका शब्दात अर्थ विचारला तर ‘सलोखा’ सांगा. तो ‘शांती’पेक्षा नेमका आहे.

इथे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही दडलेलं आहे, म्हणून जरा थांबते. ‘फ्रेदे’ हा शब्द ज्या मूळ धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृतमधले ‘प्रिय’ आणि ‘प्रीती’ आले. मूळ अर्थ आपलं मानणं, जीव लावणं. ज्यांना आपलं मानलं त्यांच्यात भांडण नसतं, म्हणून तिकडे त्याचा अर्थ शांततेकडे वळला आणि आपल्याकडे प्रेमाकडे. ‘प’चा ‘फ’ कसा झाला, असं कुणी विचारेल. संस्कृत ‘प’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘फ’ येणं हा नियमच आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी तो 1822 मध्ये सविस्तर मांडला. आपला ‘पाद’, त्यांचा पायासाठीचा शब्द ‘फूत’. आपले ‘पंच’, त्यांचे पाचाला ‘फीफ’. तशीच ‘प्रीती’ आणि ‘फ्रेदे’ ही जोडी.

म्हणून मराठी नाव जोडायचं असेल तर ‘फेम्के प्रीती’ किंवा ‘फेम्के प्रिया’ सुचवते. ही निव्वळ नादाची जुळणी नाही, ही एकाच मुळावरची दोन पानं आहेत. जावा-नणंदांना हे सांगितलंत तर ‘आपल्या घरचं काय’ हा प्रश्न बराचसा मिटेल.

पण हा निर्णय आत्ताच घ्यावा लागेल, आणि इथे आपल्याकडच्या आजी-आजोबांची हमखास चूक होते. आपल्या मनात हिशेब असतो की बारसं बाराव्या दिवशी किंवा सवडीने, नाव तेव्हा ठरवू. नेदरलँड्समध्ये जन्मदिवसानंतर तीन दिवसांच्या आत, ज्या नगरपालिकेच्या हद्दीत मूल जन्मलं तिथे जन्माची नोंद करावी लागते, आणि त्याच नोंदीत नाव लिहिलं जातं. तुमचं बारसं होईल तेव्हा नाव कायद्याने पक्कं होऊन काही महिने झालेले असतील. नंतर पहिलं नाव बदलायचं किंवा वाढवायचं तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज करावा लागतो. म्हणून ‘प्रीती’ हवं असेल तर प्रसूतीच्या आधी मुलगा-सुनेशी बोला, आग्रह न करता, एकदाच. तिकडे एकाहून जास्त पहिली नावं देणं सर्रास चालतं आणि त्यातलं हाक मारायचं नाव वेगळं मानतात. त्याला डचमध्ये ‘रूपनाम’ म्हणतात. त्यातला ‘रूप’ म्हणजे हाक. ‘नाम’ मात्र आपल्या ‘नाम’चा सख्खा नातलग. आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक आणि व्यवहारातलं दुसरं असतं, तसंच हे.

दुसरी चूक मधल्या नावाची. आपण मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. डच नोंदीत बाळाच्या नावात वडिलांच्या नावासाठी वेगळा रकाना नसतो. तुमच्या मुलाने सवयीने स्वतःचं नाव मध्ये लिहिलं तर ते नातीचं दुसरं नाव म्हणूनच नोंदलं जाईल आणि पासपोर्टवरही तसंच येईल. ते जाणूनबुजून करायचं असेल तर करावं, अनवधानाने होऊ नये. मूल आईकडून जन्मतःच डच नागरिक असेल. तुमचा मुलगा भारतीय नागरिक असेल तर तो पुढे तिच्यासाठी भारताचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) काढेल, तेव्हा डच पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि अर्जावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळायला हवं. फेम्केची इथे सोय आहे: एफ-ई-एम-के-ई, पाच अक्षरं, वर टोपी-टिंब काही नाही. काही फ्रिजियन नावांत अक्षरांवर अशा खुणा असतात आणि प्रत्येक फॉर्मवर त्यांची अडचण होते.

वडिलांचं नाव मध्ये लावायची ही आपली पद्धत तुमच्या सुनेच्या माहेरी परकी नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. 1811 मध्ये नेपोलियनच्या हुकमाने आडनावं सक्तीची झाली, त्याआधी फ्रिस्लानमध्ये बहुतेकांना आडनाव नसेच. यानची मुलगी फेम्के असेल तर ती ‘फेम्के यान्स’, म्हणजे यानची फेम्के. पुढे आडनावं आली तरी काही घरांत वडिलांचं नाव मध्ये टिकून राहिलं. डच समाजवादी नेते आणि फ्रिजियन कवी पीटर येल्लेस त्रूलस्त्रा (1860–1930) यांच्या नावातला ‘येल्लेस’ म्हणजे ‘येल्लेचा’. त्यांच्या वडिलांचं नाव येल्ले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अगदी आपल्यासारखं.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल. आजी-आजोबांची नावं नातवंडांना देणं फ्रिजियन घरांत फार जुनं आहे, आणि पूर्वी त्याचा क्रमही ठरलेला असे. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, मग दुसऱ्या अपत्यांना दुसऱ्या बाजूची नावं. तुमची सून एक पिढी मागे जाऊन आजीचं नाव घेतेय, पण पहिल्या मुलीसाठी आईकडची बाजू हा जुना शिरस्ताच तिने पाळलाय. तुम्हाला डावललेलं नाही. त्या रीतीने दुसऱ्या मुलीला खरं तर तुमचंच नाव मिळायचं.

म्हणूनच पाहुण्यांना अर्थ सांगताना ‘सलोखा’ नंतर सांगा. आधी सांगा, ‘पणजीचं नाव आहे.’ फ्रिस्लानमध्ये एखाद्याला त्याच्या नावाबद्दल विचारलंत तर बहुधा तो शब्दाचा अर्थ सांगत नाही, नाव कुणावरून ठेवलं ते सांगतो: पाकेचं, बेप्पेचं. पाके म्हणजे आजोबा, बेप्पे म्हणजे आजी. आपल्याकडे नावाचा अर्थ आधी विचारतात, त्यामुळे त्या पणजीला बाजूला सारून आपण शब्दकोशच उघडतो. आपल्यातही नातवाला आजोबांचं नाव देतात. पण मग सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून त्याला ‘आबा’, ‘बाळ’ अशी हाक पडते. तिकडे असा संकोच नसतो. सून मुलीला फेम्के म्हणूनच हाक मारेल, रागावली तरी फेम्के म्हणूनच रागावेल, आणि त्यात आजीचा अनादर मानत नाहीत. हयात आजीचं नाव देणंही तिकडे अशुभ नाही, उलट मान आहे. बेप्पे हयात असतील तर बारशाच्या आधी त्यांना एक फोन किंवा दोन ओळींचं पत्र जरूर पाठवा.

त्यांना काही भेट द्यायची असेल तर एक सुचवते. फ्रिस्लानमधल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी 1811 पासून नीट ठेवलेल्या आहेत आणि लेवार्डन इथल्या ‘ट्रेसोआर’ या अभिलेखागारात त्या पाहता येतात. जन्माची नोंद 100 वर्षांनी सर्वांसाठी खुली होते, लग्नाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षांनी. खुद्द बेप्पेंची जन्मनोंद अजून बंद असू शकेल, पण त्यांच्या आजीची किंवा पणजीची सापडण्यासारखी असते. हे काम मुलाला सांगा. शोधताना फक्त आजचं स्पेलिंग टाकून थांबायचं नाही. फेम्मे, फेम्मेके, फेम्मेत्ये अशी रूपंही पाहायची, कारण नोंदणी करणारा कारकून कानाला पडेल तसं लिहायचा. आणि मागे जाताना पुरुषांची नावंही तपासायला सांगा. मुलगा नसेल तर आजोबांचं नाव मुलीला द्यायची चाल तिकडे होती. बेप्पेंच्या फेम्केच्या मुळाशी एखादे फेम्म आजोबा निघू शकतात.

नाव आज फक्त फ्रिस्लानचं राहिलेलं नाही, हे ऐकून तुमच्या नातलगांना बरं वाटेल. एकोणिसाव्या शतकातले डच लेखक मुल्टाटुली यांच्या कथेत फेम्के नावाची परटिणीची मुलगी आहे, आणि तिचा पुतळा अ‍ॅमस्टरडॅमच्या नोर्डरमार्क्ट चौकात उभा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव देशभर पसरलं. 2018 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौर असलेल्या फेम्के हाल्सेमा जन्मल्या हार्लेममध्ये. अडथळ्यांच्या 400 मीटर शर्यतीत 2023 मध्ये जगज्जेती झालेली फेम्के बोल आमर्सफोर्टची. दोन्ही गावं फ्रिस्लानबाहेरची.

पत्रिकेत ‘फेम्के’ छापा, ‘फेमके’ नको. जोडाक्षर सोडलं की पाहुणे ‘फे-म-के’ असे तीन तुकडे करतील. नाव दोनच तुकड्यांचं आहे, फेम् आणि के, आणि जोर पहिल्यावर. खरं तर शेवटचा स्वर पुरता ‘ए’ नाही. ‘भक्त’, ‘रक्त’ म्हणताना शेवटी जो हलका ‘अ’ उच्चारतो, तो तिथे हवा. त्या हिशेबाने ‘फेम्क’ लिहिलं तर उच्चार सर्वांत जवळचा येतो, पण मराठीत ते मुलीचं नाव वाटत नाही आणि ‘फेम्कला’, ‘फेम्कने’ म्हणताना जीभ अडखळते. ‘फेम्केला’, ‘फेम्केचं’ सहज येतं. म्हणून लिहायचं फेम्के आणि म्हणताना शेवट आखडता घ्यायचा. पहिला ‘ए’ आखूड आहे, ‘पेन’मधल्यासारखा. ‘फ’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागू द्या. ‘फळ’ म्हणताना काही जण दोन्ही ओठ मिटून हवा सोडतात, तसं नको. ‘क’ मात्र आपला जसा आहे तसाच. इंग्रज माणूस तिथे ‘ख’कडे झुकतो, मराठी जीभ झुकत नाही.

पत्रिका छापायला जन्माची नोंद झाल्यावरच द्या. तिकडे बाळाचं नाव जन्मापर्यंत घरातल्या घरात ठेवायची रीत आहे आणि जन्मानंतर छापील कार्ड पाठवून ते कळवतात. नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते आधी फुटलं तर सुनेला वाईट वाटेल. बाळाला बघायला येणाऱ्यांना तिकडे लोणी लावलेल्या गोल कुरकुरीत बिस्किटावर साखर चढवलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे घालून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे. सुनेला येताना त्याचं एक पाकीट आणायला सांगा, घुगऱ्यांच्या ताटात शोभेल.

राशीच्या अक्षराचा विषय निघाला तर एवढंच सांगा: अवकहडा चक्रात ‘फ’ पूर्वाषाढा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात येतो, म्हणजे धनु राशीत. जुळलं तर छान, नाही तर राशीचं नाव पाळण्यात वेगळं ठेवा, तशी सोय आपल्या बारशात आहेच.

आणि कानात नाव सांगणाऱ्या आत्याची तालीम आठवडाभर आधी करून घ्या. कुर्रर्र झाल्यावर घाईघाईत ‘फे-म-के’ निघतं. सुनेच्या आवाजात नाव दोनदा रेकॉर्ड करून घ्या, एकदा सावकाश, एकदा हाक मारल्यासारखं, आणि आत्याला ते ऐकून मागोमाग म्हणायला लावा. ओठ, दात आणि शेवटचा हलका ‘अ’, हे तीन जमले की पुरे.